दोरीने बांधलेलं फाटक

मार्जरी तालुक्याच्या बाजारातून परतली तेव्हा खोऱ्याच्या तोंडाशीच तिला मेंढ्यांचा ओरडा ऐकू आला. गाडी तशीच रस्त्यात सोडून ती चढण चढायला लागली. सकाळी जाताना तिने वरच्या कुरणाचं फाटक सताड उघडून दगडी गडग्याला दोरीने बांधून ठेवलं होतं. वरची पाण्याची डोणी उन्हाने आटली होती आणि मेंढ्यांना खाली ओढ्यावर यायला तेवढीच वाट होती. आता फाटक बंद होतं. वरच्या बाजूला मेंढ्या, खालच्या बाजूला त्यांची कोकरं, आणि दोन्हीकडून नुसता आकांत.

तिने फाटक ढकललं. कोकरं धडाधड आत घुसली आणि आपापल्या आईच्या पोटाखाली शिरली. दोन मात्र तशीच हिंडत राहिली. त्यांची आई थोडी पुढे होती. गडगा चढून कोकरांकडे यायला गेली होती आणि गडगाच तिच्या अंगावर आला होता. मार्जरीने एकेक दगड बाजूला केला. मेंढी जिवंत होती, पण मागचा भाग हलत नव्हता.

नेमकी ही. शरदात अख्खा कळप हिच्या मागे डोंगर चढायचा. कुठे वळायचं, धुक्यात कुठे थांबायचं ते हिला ठाऊक. बाकीच्या नुसत्या मागे चालायच्या. घरात हिला सगळे म्हातारीच म्हणायचे.

मार्जरीने भावाला फोन लावला. "विल्फ, बंदूक घेऊन ये."

"कोण गं?"

"म्हातारी. आणि एक काडतूस जास्तीचं आण. ज्याने हे केलंय तो भेटला तर लागेल."

ती मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तेवढ्यात डोंगरावरून एक जोडपं उतरत आलं. रविवारी आमच्या खोऱ्यात असे खूप येतात. बूट नवे, गाल लाल, आणि जे दिसेल त्यावर खूश. गॅरेथ आणि फिलिपा, दोघंही शहरातली.

"काय सुंदर जागा आहे हो तुमची!" फिलिपा लांबूनच म्हणाली. "सकाळपासून सगळ्या खोऱ्यात मेंढ्यांचा आवाज घुमतोय. मी तर आईला ऐकवायला रेकॉर्डसुद्धा केला."

"केलात ना? जपून ठेवा. आईपासून तोडलेली पोरं रडत होती ती."

फिलिपाला आता मांडीवरची मेंढी दिसली. ती जागच्या जागी थांबली.

"हे फाटक कुणी लावलं?" मार्जरीने विचारलं.

"मी," गॅरेथ म्हणाला. त्याला वाटलं, बाई आभार मानणार. "सताड उघडं होतं. म्हटलं, कुणीतरी बेजबाबदार माणूस..."

"दोरीने बांधलेलं होतं ते!"

"हो ना. ती सोडायलाच केवढा वेळ गेला."

मार्जरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग ती गाठ काय वाऱ्याने मारली होती? एवढी घट्ट बांधलेली दोरी सोडताना एकदा तरी मनात आलं का, की कुणीतरी काहीतरी कारणाने बांधली असेल? फाटक दिसेल तसं सोडायचं असतं, साहेब! उघडं तर उघडं, बंद तर बंद. इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल तुम्हाला. मी तुमच्या घरी येऊन तुमची पोरं न्हाणीघरात कोंडली, आणि ती रडताना रेकॉर्ड करून वर म्हणाले, काय सुंदर जागा आहे हो तुमची, तर? चालेल?"

फिलिपा रडायला लागली.

"रडू नका! रडून हिची कंबर सांधणार आहे का? दर रविवारी येता, हवा खाता, डबे खाता, आणि आमचं वाटोळं करून चहाला घरी!"

गॅरेथचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण शेवटी त्याला राहवलं नाही.

"बाई, चूक झाली. पण... तिथे लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

त्याने नुसतं बोट दाखवलं.

मार्जरीने मान वळवली. फाटकावर पाटी होती. पांढऱ्या फळीवर लाल रंगात, हाताएवढी अक्षरं. 'फाटक लावा. माणूस असाल तर लावाच.' गेल्या वर्षी असल्याच रविवारच्या मंडळींनी फाटक उघडं टाकलं आणि तिचा मेंढा रस्त्यावर जाऊन गाडीखाली आला. त्याच संतापात तिने एका बैठकीत ती रंगवली होती. तेव्हा सगळं खोरं ती पाटी बघून हसलं होतं. त्यानंतर तिने स्वतः ती कधी वाचली नव्हती. आपलीच पाटी कोण वाचतं? सकाळी दोरी बांधतानाही ती समोरच होती.

विल्फ बंदूक घेऊन चढण चढून आला. त्याने मेंढीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि त्या दोघांना हळूच म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. हे तुम्ही बघण्यासारखं नाही."

दोघं निघाली. फाटकातून बाहेर पडल्यावर गॅरेथचा हात सवयीने मागे गेला, फाटकाला लागला आणि तिथेच थांबला.

"बाई," त्याने तिथूनच विचारलं, "हे लावू की राहू दे?"

मार्जरीने ओरडायला तोंड उघडलं. मांडीवर म्हातारी धापा टाकत होती आणि तिची दोन कोकरं आचळांना ढुशा देत होती. गॅरेथ फाटक धरून तसाच उभा राहिला.