तांबड्या ठिणग्या
चिंचोळीच्या कारखान्यात भट्टीची नळी दुरुस्त होऊन आली होती. हजार अंशांची धग निकेलच्या मिश्रधातूलाच सोसते. साधं पोलाद फाटतं आणि जाळ भट्टीवाल्याच्या तोंडावर येतो. भट्टीवाला होता तिथल्याच जुन्या फिटर बडेसाबांचा जावई, हारून. "साहेब, ठिणगी बघू?" भिडस्त बडेसाबांनी कारखान्याच्या साहेबांना चाचरत विचारलं आणि सवयीप्रमाणे, ठिणगीवरून धातू ओळखायला, नळीच्या एका टोकाला ग्राइंडर टेकवला. निकेलच्याच आखूड, तांबड्या ठिणग्या पडल्या. "झालं समाधान, चाचा? जावयालाबी असंच घासून बघितलं असंल की!" साहेब म्हणाले. सगळे हसले. नळी उचलताना बडेसाबांच्या अंगठ्याला मधोमध घासून लपवलेला सांधा लागला; नळी दोन तुकडे जोडून केलेली होती. पुन्हा बोलावं, तर पुन्हा हसतील. "थांबा," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच मोठा वाटला. "दुसरं टोक न्हाय बघितलं." "पुरे की, अब्बा," हारून पुटपुटला. बडेसाबांनी ग्राइंडर टेकवला. साध्या पोलादाच्या पिवळ्या, लांब ठिणग्या हारूनच्या पायांपर्यंत गेल्या.