बोटावरचं उरलेलं कुंकू

सकाळचा जप आटोपून मी यांचा लॅपटॉप मंचरला कैफच्या दुकानात नेला. हे गेले त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून तो बंदच होता. माझ्यासाठी यांनी म्हटलेली आरती त्यातच आहे. यांचा आवाज आता तेवढाच उरलाय.

दर दसऱ्याला हे लॅपटॉपला ओलं कुंकू लावायचे आणि बोटावरचं उरलेलं माझ्या कपाळाला टेकवायचे. "वाया कशाला घालवायचं?" म्हणून हसायचे. हे गेल्यावर मी कुंकू लावलंच नाही.

"काकू, ह्यो आधी कुणी खोललावता का?" स्क्रू काढता काढता कैफनं विचारलं.

"नाही रे बाबा."

त्यानं मदरबोर्ड बाहेर काढून मीटरच्या सुया एकेका भागावर टेकवल्या. एका जागी मीटर वाजतच राहिला.

"हितं शॉर्ट हाये." भिंग घेऊन तो वाकला आणि हसला. "काकू, आतूनबी पूजा करता व्हय? लई भक्ती राव तुमची!"

मीही वाकून पाहिलं. एका चिपवर बोटानं लावावा तसा कुंकवाचा ठिपका होता.

"ओलं हाये अजून," कैफ हळूच म्हणाला. त्याचं हसू गेलं होतं.

स्पिरिटच्या कापसानं त्यानं ठिपका पुसला. पुन्हा सुया टेकवल्या तर मीटर गप्प. माझ्या कपाळाला काहीतरी गार लागलं. वारा असेल म्हटलं.

त्यानं बोर्ड परत बसवून चार्जर जोडला आणि लॅपटॉप सुरू झाला. मला रडूच फुटलं. "आता आरती ऐकू येईल ना रे?"

कैफ स्क्रीनकडे बघतच नव्हता.

"काकू," तो म्हणाला, "तुमी आलात तवा कपाळ मोकळं व्हतं ना?"