पुरापुरती यादी

पुरात मदत लवकर पोचावी म्हणून चैत्रालीने मांजर्लीकरांसाठी अ‍ॅप बनवलं होतं. तळमजल्यावर कोण, एकटं कोण, सगळं त्यात होतं. पाणी ओसरल्यावर एक इस्टेट एजंट यादी मागायला आला.

“घाबरलेले लोक लवकर विकतात, मॅडम.”

“यादी पुसली. पुरापुरतीच घेतली होती.”

“मग पुढच्या वर्षी?”

“परत घरोघरी विचारीन.”

पुढच्या जूनमध्ये ती निघायच्या आतच बनूबाई तिच्या दारात उभ्या. गेल्या वर्षी त्यांनी नावसुद्धा सांगितलं नव्हतं.

“पाणी ओसरलं की पुसतेस म्हणे. मग लिही. तळमजला, एकटी. आणि अंधारात मला काहीच दिसत नाही. हे मुलालापण सांगितलेलं नाही.”