कर्ता नसलेला मथळा

"इसम म्हंजी कोन वो?"

गुणमालाबाईंनी पेपर टेबलावर पसरला आणि तिसऱ्या पानावरच्या एका बातमीवर बोट ठेवलं. कुंडलहून सांगलीपर्यंत एसटीत उभ्यानं आलेली बाई, पण खुर्ची पुढे केली तरी बसेना. उपसंपादक गंगाधर दामल्यांनी चष्मा सारखा करून बघितलं. मथळा त्यांनीच दिलेला होता. 'कुंडलमधून वृद्ध इसम बेपत्ता'.

"तुमचे यजमानच की, काकू."

"त्यास्नी इसम कोन म्हनतंय? समदं गाव आप्पा म्हनतंय."

"पेपरात असंच लिहितात. खाली नाव, वर्णन, अंगावरचे कपडे, सगळं छापलंय बघा."

"खालचं त्यास्नी दिसतंय कुठं? दोनी डोळ्यांत मोतीबिंदू. रोज पेपर घेत्यात, पन मोठं अक्षर तेवढं वाचत्यात. ह्ये वाचलं असंल तर म्हनलं असतील, कुनाचा म्हातारा गेला बिचारा!"

दामल्यांना हसू आलं, पण बाईंचा चेहरा बघून ते गिळावं लागलं. पोरानं ट्रॅक्टर घेतला आणि बापाला न विचारता बैल विकले. आप्पा रिकाम्या गोठ्यात जरा वेळ उभे राहिले आणि तसेच चालते झाले. हे दामल्यांना पहिल्या खेपेलाच कळलं होतं. त्यातलं मथळ्यात काहीच आलं नव्हतं.

"बसा," ते म्हणाले आणि त्यांनी कोरा कागद ओढला. "आता 'पत्नी अत्यवस्थ' असं देऊ. माणूस असेल तिथून उठून येतो. आमचा अनुभव आहे."

"मी बरी हाय की."

"ते दिसतंय हो, पण..."

"न्हाई. खोटं वाचून पळत सुटतील. वाटंत कुठं पडलंबिडलं म्हंजी?"

"मग बैल परत आणलेत, असं लिहू?"

"बैल कुठलं परत येत्यात आता."

त्या खुर्चीत टेकल्या. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या, सोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "चुकलं म्हनून लिवा. चुकलं, घरी या."

"कुणाचं चुकलं?"

"ते नगा लिवू."

"काकू, मथळ्याला कर्ता लागतो. कुणी काय केलं हे वाचणाऱ्याला कळायला नको?"

"पोराचं लिवलं तर पोरगं चिडंल. आत्ताच जेवत न्हाई धड. ह्यांचं लिवलं तर हे काय यायचं न्हाईत. तुमी नुसतं चुकलं म्हना. दोघांस्नी बी वाटंल, दुसऱ्याचं म्हनत्यात."

दामल्यांनी कागदाकडे बघितलं. कर्त्यावाचून मथळा दिला म्हणून त्यांनी आजवर किती बातमीदारांची कॉपी परत टाकली होती! त्यांनी पेनचं टोपण काढलं.

"सुरुवातीला नाव हवं. काय घालू?"

बाईंनी नवऱ्याचं नाव घेतलं नाही. बातमीतल्या बारीक अक्षरांत ते शोधून त्यावर नख ठेवलं.

"'कल्लाप्पा, चुकलं. घरी या,'" दामल्यांनी लिहून वाचून दाखवलं.

बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "अक्षर मोठं काढा," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मथळा पहिल्या पानावर होता. निवडणुकीच्या निकालाला काढतात तेवढं अक्षर. संपादक पेपर हातात घेऊनच टेबलापाशी आले.

"ही बातमी आहे, दामले?"

"नाही साहेब."

"मग?"

"असू द्या, साहेब."

चार दिवसांनी कुंडलहून फोन आला. गुणमालाबाईंचा मुलगा बोलत होता. आप्पा आले होते. फलटणला दाढीला बसले असताना समोरच्या माणसाच्या हातातला पेपर त्यांना लांबूनच दिसला म्हणे. अर्ध्या दाढीनिशी उठले.

"आता रानात चाललोय आमी. ट्रॅक्टरवर बसल्यात, पन मलाच दम देत्यात, हळू चालीव म्हनून!"

दामले फोन ठेवून हसत वर बघतात तर दारात एक उंच म्हातारा उभा. खांद्यावर घोंगडं, हातात पेपरची घडी.

"मी कल्लाप्पा," तो म्हणाला.

दामल्यांनी नुकत्याच ठेवलेल्या फोनकडे बघितलं.

"उमदीचा. तिकडं जत तालुक्यातला." त्यानं घडी टेबलावर ठेवली. वर मथळा तेवढा दिसत होता. बाकीचा मजकूर आत दुमडलेला. "ह्ये माज्या ल्योकानं छापाय सांगितलं का?"

दामल्यांनी पेपर हातात घेतला, परत ठेवला. हो म्हणणं सोपं होतं.

"नाही, आजोबा. कुंडलला एक कल्लाप्पा आहेत. त्यांच्यासाठी होतं ते."

"व्हय?"

म्हातारा खुर्चीत बसला. दामल्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तो त्यानं एका दमात संपवला आणि मिशा पुसल्या.

"मिरजंत एका वखारीत राखनीला ऱ्हातू मी. घर सोडून लय दिस झालं. वाचलं आन् वाटलं, आपल्यालाच हाय."

त्यानं मथळ्यावरनं एकदा बोट फिरवलं. मग म्हाताऱ्यानं विचारलं, "ह्यो पेपर उमदीला जातू?"

"रोज जातो. सकाळच्या गाडीनं."

"मग असाच एक छापा, माज्या ल्योकाच्या नावानं. जोतिबा, चुकलं. घरी येतू."

दामल्यांनी लिहून घेतलं. "उद्या येईल छापून. पण तुम्ही कशाला थांबता, आजोबा? आत्ता जतची गाडी आहे. चला, मी बसवून देतो."

म्हाताऱ्यानं घोंगडं मांडीवर ओढून घेतलं.

"नगं," तो म्हणाला. "आदी उद्याचा पेपर त्याच्या हातात पोचू द्या. मी मागनं दुपारच्या गाडीनं जाईन."