कंपनीचं गाणं

भोंगा वाजला आणि काडेपेटीच्या कारखान्याबाहेर संपावर बसलेल्या बायांच्या तोंडून सवयीनं कंपनीचं गाणं निघालं. मालकांनीच रचलेलं हे गाणं रोज कामाआधी म्हणायची शिस्त होती.

सज्जातून मालक खुशीत ओरडले, “फाटक उघडा रे! लेकी वठणीवर आल्या!”

गाण्याला सुरुवात करणाऱ्या भिकूताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “गप की गं! कापलेली मजुरी अशी मिळंल व्हय?” शेजारची चंद्राक्का फिसकारली.

पण मध्येच थांबलं तर मालक हसतील, म्हणून भिकूताई गात राहिली. दुसऱ्या कडव्यात ओळ आली, “एका ताटी जेवू सारे, मालक आणि मजूर.” इतकी वर्षं ती नुसतीच म्हटली होती, आज कानांत शिरली. तिनं तीच पुन्हा उचलली. मग चंद्राक्कानं, मग साऱ्यांनी.

“पुढचं म्हणा की!” मालक खेकसले.

भिकूताई म्हणाली, “आधी एवढं खरं करा, मालक.”