साहेबांकडं जायचं पाणी

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या मृणालने एका वाडीच्या विहिरीसाठी ‘पिण्यास योग्य’ असा शेरा सलग तिसऱ्या महिन्यात लिहिला, आणि त्याच आठवड्यात तिथल्या अंगणवाडीची अकरा मुलं जुलाबाने दवाखान्यात गेली. पुढची बाटली घेऊन अंगणवाडीच्या मदतनीस पार्वताबाई आल्या, तेव्हा तिने त्यांना बसवून घेतलं.

“मावशी, ही बाटली कशी भरता?”

“इहिरीचं पाणी दुहेरी फडक्यानं गाळते, चांगलं खळखळ उकळते, निवलं की भरते. साहेब लोकांकडं जायचं पाणी, तसंच कसं द्यायचं?”

मृणाल हसली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन तिने विहिरीचं पाणी जसंच्या तसं आणलं आणि दोन्ही नमुने तपासणीच्या दोन कुप्यांत शेजारीशेजारी ठेवले. दोन दिवसांनी विहिरीची कुपी काळीकुट्ट झाली. पार्वताबाईंची पिवळसरच राहिली.

तिने त्यांना बोलावून दोन्ही दाखवल्या. “काळी म्हणजे दूषित. तुमच्या उकळलेल्या पाण्यातले जंतू मेले बघा. पोरांनाही असंच द्या.”

पार्वताबाईंनी पिवळी कुपी उजेडाला धरली. “ताई, बाटलीभर पाणी मी घरच्या चुलीवर उकळते. चाळीस पोरांचं रोज उकळायला अंगणवाडीत ग्यास कुठाय?”

मृणालने अहवालात ‘पिण्यास अयोग्य’ लिहिलं. ‘उपाय’ या रकान्यात नेहमीप्रमाणे क्लोरीन लिहिलं. मग त्याच रकान्यात, प्रयोगशाळेतून आजवर कधीच न गेलेला एक शब्द तिने ठळक अक्षरात लिहिला: सिलिंडर.