उजव्या हातासाठी

अर्धांगवायूने डावा हात लुळा पडला तेव्हा एस्तेरबाईंनी अंबरनाथच्या चर्चमधल्या ऑर्गनचं झाकण स्वतःच लावलं. "संपलं माझं वाजवणं." एकदा नवऱ्याने मोबाइलवर एका इंग्रज संगीतकाराची मुलाखत लावली. त्याचाही हात असाच गेला होता; मग त्याने एकट्या उजव्या हाताने वाजवायच्या ऑर्गनरचना लिहिल्या. "वेडा आहे हा," बाई म्हणाल्या. "मग तुमचं छान जमेल," नवरा हसला. बाईंनी नोटेशन मागवलं, वर्षभर घरच्या पेटीवर तालीम केली. भाता नवरा मारायचा. ईस्टरच्या सकाळी पाळकसाहेब बाईंच्या जागी आलेल्या कीबोर्डवाल्याला खूण करणार, तोच बाई ऑर्गनपाशी जाऊन बसल्या. पायांनी भाते चालवले. उजवा हात खर्जातून थेट वर झेपावला. शेवटचा स्वर छताला भिडला तेव्हा अख्खं चर्च उभं होतं. पाळकसाहेब चाचरले, "बाई, पुढचं गीत...?" "नंबर सांगा," बाई म्हणाल्या, "सगळीच वाजवणार आहे."